तोंड एका बाजूला गेलंय, एमआरआय करायचा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेत एमआरआयचे रिपोर्ट लिहिण्याचं माझं काम. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिवाय सीमेपलीकडच्या अथणी-चिकोडीकडून चेहऱ्याच्या लकव्याचे पेशंट येतात. ते आणि त्यांच्यासोबतचे नातेवाईक जे विचारतात, तेच इथे उतरवलंय. या दुखण्यात गोळ्यांची घाई करायची असते, एमआरआयची सहसा नसते. आपल्याकडे मात्र बरेचदा स्कॅनसाठी धावपळ होते आणि गोळ्या मागे पडतात. हे बदलावं म्हणून एवढं सविस्तर लिहिलंय.

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळालं. आरशात पाहिलं तर तोंड वाकडं. अंगावरून वारं गेलं का?

आधी कपाळ बघा. पेशंटला भुवया वर उचलायला सांगा. दोन्हीकडे आठ्या पडत असतील आणि फक्त ओठाचा कोपरा उतरला असेल, तर दोष मेंदूत असण्याची शक्यता मोठी. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, त्यामुळे एका बाजूचा रक्तपुरवठा तुटला तरी कपाळ काम करत राहतं. कपाळ सपाट, पापणी पुरती मिटत नाही आणि ओठही ओढला गेलाय, असं सगळं एकाच बाजूला असेल तर चेहऱ्याची सातवी नस बिघडलेली असते.

ही खूण बरीच भरवशाची आहे, पण तिच्यावर सगळं सोडू नका. मेंदूच्या देठात गुठळी अडकली तर कपाळासकट अर्धा चेहरा जाऊ शकतो. तेव्हा सोबत एकाचे दोन दिसतात, तोल जातो किंवा हातपाय लुळे पडतात. बोलणं अडखळतंय, हातातली वस्तू सुटतेय, चालताना झोक जातोय, यातलं काहीही असेल तर वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तिथे तातडीचा स्कॅन लागतोच. या पानावरची बाकीची उत्तरं त्या पेशंटसाठी नाहीत.

नस सुजते म्हणजे आत काय होतं?

सातवी नस मेंदूच्या देठातून निघते, कानाजवळच्या हाडातल्या बारीक नळीतून साधारण ३ सेंटिमीटर जाते आणि कानाखालच्या लाळग्रंथीत शिरून चेहऱ्यावर पसरते. ती नळी सुरुवातीलाच सगळ्यात अरुंद असते, जेमतेम ०.७ मिलिमीटर. बाहेरून हाड, त्यामुळे फुगायला जागाच नाही. सुजलेल्या हातात बांगडी रुतावी तशी नस तिथे आवळली जाते आणि तिचं काम थांबतं.

याच नसेचे फाटे जिभेच्या पुढच्या भागाला चव देतात, डोळ्यात पाणी आणतात आणि कानातल्या एका इवल्या स्नायूला आवरतात. म्हणून काहींना जेवण मचूळ लागतं, तर काहींना कुकरची शिट्टी एका कानात असह्य होते. असं झालं म्हणजे दुसरा आजार जडला, असं नाही.

दुसरं कुठलंही कारण सापडलं नाही की या दुखण्याला बेल्स पाल्सी म्हणतात. स्कॉटलंडचे सर चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये या नसेचं काम मांडलं, त्यांच्यावरून हे नाव आलं. ओठावर तापाचे फोड उठवणारा हर्पिसचा विषाणू नसेत वर्षानुवर्षं दबून राहतो आणि पुन्हा डोकं वर काढतो, हे त्याचं संभाव्य कारण मानलं जातं. कानात किंवा कानाच्या पाळीवर पाण्याचे फोड आले, कान ठणकतो, तर तो नागिणीचा विषाणू. १९०७ मध्ये जेम्स रॅमसे हंट यांनी त्याचं वर्णन केलं. तो जास्त चिवट असतो आणि त्यात कानाची नसही सापडू शकते, मग चक्कर येते, ऐकू कमी येतं. म्हणून तोंड वाकडं झालेल्या माणसाचा कान बॅटरी लावून बघायलाच हवा.

एसटीच्या खिडकीशी बसून आलो, गार वारं लागलं. त्यानेच झालं असेल ना?

तसा पुरावा नाही. नस सुजायला लागल्यावर कानामागे दुखतं आणि माणूस आदल्या दिवशी काय केलं ते आठवू लागतो. खिडकीला दोष देत बसू नका.

डॉक्टरांनी नुसतं तपासलं, गोळ्या दिल्या, एमआरआय लिहिलाच नाही. हयगय झाली का?

नाही, उलट नियमाने झालं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही नव्या, सरळसाध्या बेल्स पाल्सीत सरसकट स्कॅन करू नये असंच म्हटलंय. निदान हाताने आणि डोळ्याने होतं. एक ते तीन दिवसांत पूर्ण जोर धरलेला, एकाच बाजूचा, कपाळासकट लकवा. कानात फोड नाहीत, गालात गाठ नाही, बाकीच्या नसा ठीक. एवढं नीट तपासलं असेल तर स्कॅन उपचारात काही बदल करत नाही. पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे वेळ जातो.

स्टिरॉइडच्या गोळ्या एमआरआयचा रिपोर्ट बघून सुरू करू का?

थांबू नका. प्रेडनिसोलोन पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर त्याचा खरा फायदा. स्कॉटलंडमधल्या मोठ्या चाचणीचे निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या गोळ्या घेतलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के लोकांचा चेहरा नऊ महिन्यांनी पूर्ववत झाला होता, न घेतलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांचा. नुसत्या विषाणूविरोधी गोळ्यांनी त्या चाचणीत फायदा दिसला नाही.

स्टिरॉइड म्हटलं की घरात कुणीतरी नको म्हणतंच. हा साधारण दहा दिवसांचा कोर्स असतो, वर्षानुवर्षांचा नाही. मात्र साखर, रक्तदाब, पोटातला अल्सर, जुना क्षयरोग हे सगळं डॉक्टरांना आधी सांगा, आणि डोस त्यांनाच ठरवू द्या. शेजाऱ्याची उरलेली पाकिटं वापरू नका.

मला खरी काळजी वाटते ती गावातून निघालेल्या पेशंटची. पहिला दिवस ‘बघू उद्यापर्यंत’ म्हणण्यात जातो, दुसरा कुणीतरी सुचवलेल्या झाडपाल्यात, तिसरा स्कॅनच्या नंबरात. मिरजेत पोचेपर्यंत ७२ तास उलटलेले असतात. पहिल्याच दिवशी गावातल्या किंवा तालुक्याच्या डॉक्टरांना कपाळ, डोळा आणि कान दाखवला असता, तर गोळ्या तिथेच सुरू झाल्या असत्या.

मग एमआरआय करायचाच, असं कधी?

लकवा अचानक न येता आठवड्या-आठवड्याने वाढत जातो, तेव्हा. सूज दोन-तीन दिवसांत जोर धरते, गाठ हळूहळू नस दाबते. तीन आठवडे झाले तरी चेहरा उतरतच चाललाय, तर स्कॅन टाळू नका.

तीन महिने झाले आणि जराही हालचाल परतली नाही, तेव्हाही. डेन्मार्कमधल्या एका मोठ्या पाहणीत औषध न घेतलेल्या पेशंटपैकीही सुमारे ८५ टक्के लोकांत पहिल्या तीन आठवड्यांतच सुधारणा दिसू लागली होती; उरलेल्यांत ती तीन ते पाच महिन्यांनी दिसली. म्हणजे महिनोन्महिने चेहरा दगडासारखा राहिला तर निदान पुन्हा तपासायला हवं. त्याच बाजूला दुसऱ्यांदा लकवा आला, चेहरा लुळा पडण्याआधी गाल फडफडत होता, त्या कानाने ऐकू येईनासं झालं, गाल बधिर आहे, डोळा बाहेर वळत नाही, कानाखाली गाठ हाताला लागते, पूर्वी कुठलाही कॅन्सर झाला होता, किंवा चेहऱ्याचा एकच भाग गेलाय आणि बाकीचा शाबूत आहे, या सगळ्यांत स्कॅन हवाच.

त्या शेवटच्या खुणेबद्दल थोडं. ओठ ठीक, फक्त पापणी मिटत नाही, आणि गालावर बधिर, फिकट चट्टा आहे, तर कुष्ठरोग असू शकतो. तो त्वचा तपासून आणि नसा चाचपून कळतो, औषधाने पूर्ण बरा होतो. एमआरआयच्या मशीनमध्ये घालण्याआधी पेशंटला उजेडात बसवून गाल बघावा.

मेंदूचा साधा एमआरआय केला, नॉर्मल आला. आता निर्धास्त ना?

दुर्दैवाने नाही. मला सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगावं लागतं ते हेच.

मेंदूच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये काप साधारण ५ मिलिमीटर जाडीचे असतात. आपली नस एक-दीड मिलिमीटरची, तीही हाडात वळणं घेत जाणारी. तशा कापांत ती दोन चित्रांच्या मधे हरवून जाते. शिवाय नस उजळवणारं कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिलेलं नसेल तर सूज उठून दिसत नाही. असा रिपोर्ट मेंदूत गुठळी नाही, मोठी गाठ नाही एवढं सांगतो. नसेबद्दल तो जवळपास काहीच सांगत नाही.

नसेसाठी स्कॅन वेगळा करावा लागतो. दोन्ही कानांच्या हाडांवर नेम धरून १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप, इंजेक्शनच्या आधी आणि नंतर, चरबीचा उजळपणा दाबून. आणि चित्र खाली लाळग्रंथीपर्यंत न्यायचं. लाळग्रंथीतला एक प्रकारचा कॅन्सर नसेच्या कडेकडेने वर सरकतो. स्कॅन कानापाशीच थांबवला तर तो निसटतो.

म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ असेल तर आम्हाला फोन करून विचारावं लागतं. ‘डावीकडचा लकवा, चार महिने, सुधारणा नाही, सातव्या नसेसाठी कॉन्ट्रास्टसह’ एवढं लिहिलेलं असलं की पेशंट पुन्हा बोलवावा लागत नाही. मशीनच्या चुंबकाची ताकद १.५ टेस्ला असली तरी काम होतं. ३ टेस्लासाठी मुद्दाम पुण्याला जायची गरज सहसा नाही. नेमकं काय बघायचंय हे मशीनवरच्या माणसाला माहीत असणं त्याहून महत्त्वाचं.

सुजलेली नस पडद्यावर दिसते कशी?

हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. निरोगी नसेत रक्तातले पदार्थ सहज झिरपत नाहीत. सूज आली की तो बांध सैल होतो, औषध आत शिरतं आणि नस पांढरी उजळते.

गंमत अशी की निरोगी माणसातही ही नस काही ठिकाणी उजळतेच. हाडातला तिचा गुडघ्यासारखा वळलेला भाग आणि त्याखालचे दोन टप्पे यांच्याभोवती बारीक शिरांचं जाळं असतं, ते औषध घेतं. तिथला थोडा उजाळा पाहून सूज म्हणणं चुकीचं. पाहायचं ते त्याच्या आधीचं टोक: आतल्या कानाच्या कालव्याचा तळ, आणि तिथून सुरू होणारा नळीचा तो अरुंद तुकडा. तिथे नस सहसा काळसरच दिसायला हवी. बेल्स पाल्सीत नेमकी तिथे बारीक पांढरी रेघ उमटते, कालव्याच्या तळाशी छोटा झुपका असल्यासारखी.

मी दोन्ही बाजू शेजारी-शेजारी लावते आणि चांगल्या बाजूवरून आजारी बाजू वाचते. रेघ सलग आणि गुळगुळीत आहे, जाडी जवळपास तेवढीच आहे, तर सूज. एखादी जागा गाठोडीसारखी फुगलेली आहे किंवा भोवतालचं हाड रुंदावलंय, तर नसेची गाठ असू शकते, आणि मग रिपोर्टमधली भाषा बदलते. नागिणीच्या लकव्यात शेजारची ऐकण्याची नस किंवा आतला कानही उजळलेला दिसू शकतो.

नस खूप उजळली आहे म्हणजे बरं व्हायला वेळ लागेल का?

तसं ठामपणे सांगता येत नाही. यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. पूर्ण लुळ्या पडलेल्या चेहऱ्याचं भवितव्य सांगायला नसेची विद्युत चाचणी जास्त उपयोगी. ती पहिल्या दोन आठवड्यांत करतात. ९० टक्क्यांहून जास्त तंतू निकामी झालेले दिसले तर बरं होणं अवघड धरतात. थोडीफार हालचाल शिल्लक असेल तर तीही लागत नाही.

तोंड सरळ झालं. नस बरी झाली का ते बघायला पुन्हा एमआरआय करू?

नको. चेहरा पूर्ण सुधारल्यावरही नसेतला उजाळा काही महिने राहू शकतो. रिपोर्टमध्ये पुन्हा तेच शब्द येतील आणि घरात उगाच घोर लागेल. गाठीचा संशय असेल तर दुसरा स्कॅन लागतो, पण तो डॉक्टर ठरवतील तेव्हाच.

सीटी स्कॅन स्वस्त पडतो. तो चालेल?

सूज बघायला नाही. अपघातात हाड मोडलं असेल किंवा वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानाने हाड कुरतडलं असेल, तर सीटीच हवा.

दोन्ही बाजू एकदमच लुळ्या पडल्या तर?

ही बेल्स पाल्सी नाही, असं धरूनच चालायचं. पायांतली ताकद कमी होतेय, खाली बसल्यावर उठता येत नाही, तर जीबीएसचा (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार) विचार पहिला. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात त्याचे पेशंट एकाएकी वाढले, तेव्हापासून हे नाव आपल्याकडेही लोकांना ठाऊक झालंय. त्यात श्वास अडकू शकतो, म्हणून भरती आधी आणि स्कॅन नंतर. अमेरिकेच्या ईशान्य भागातून किंवा युरोपातून आलेल्या माणसाला गोचीड चावून होणारा लाइम आजारही दोन्हीकडचा लकवा देतो. तिकडे राहणारा मुलगा सुट्टीवर आल्यावर असं झालं तर प्रवासाचं नक्की सांगा.

मला साखर आहे, आणि कान रात्रभर ठणकतो.

मग तुमच्यासाठी उत्तर वेगळं. मधुमेहात कानाचा जंतुसंसर्ग हाडात उतरून कवटीच्या तळापर्यंत पसरू शकतो आणि वाटेत सातवी नस धरतो. कान वाहतोय, ठणका झोपू देत नाही आणि तोंड वाकडं, तर हे बेल्स पाल्सी समजून स्टिरॉइड घेऊ नका. २०२१ मध्ये कोरोनानंतर आलेली काळी बुरशी आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे: गाल बधिर, नाकातून काळसर स्राव. अशा पेशंटचा स्कॅन त्याच दिवशी व्हावा.

बायको आठ महिन्यांची गरोदर आहे. एमआरआय चालतो?

शेवटच्या तिमाहीत हा लकवा एरवीपेक्षा जास्त दिसतो. रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या, कारण गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाशी त्याचा संबंध असू शकतो. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, गरज असेल तर करता येतो. गॅडोलिनियमचं इंजेक्शन मात्र टाळतात, म्हणून नसेचा स्कॅन बहुधा बाळंतपणानंतर ठेवतात. अंगावर पाजणाऱ्या आईला ते इंजेक्शन चालतं, दूध तोडावं लागत नाही.

मशीनमध्ये जाताना काय काढून ठेवायचं?

धातूचं सगळं. मंगळसूत्र, जोडवी, बुगडी, नथ, करगोट्यातला ताईत, केसांतल्या पिना. पुरुषांच्या खिशात चुन्याची डबी आणि अडकित्ता असतो, तो विसरू नका. चुंबक चोवीस तास चालू असतं आणि लोखंड ते क्षणात ओढून घेतं. जोडवी निघत नसतील तर आदल्या दिवशीच साबण लावून काढा.

कुपवाड एमआयडीसीत, किर्लोस्करवाडीला किंवा कुठल्याही वर्कशॉपमध्ये लेथ, ग्राइंडरवर काम केलं असेल आणि कधी डोळ्यात कीस गेला असेल, तर आठवणीने सांगा. लोखंडाचा बारीकसा कण चुंबकात हलला तर डोळ्याला इजा होते. आधी डोळ्याचा एक्स-रे काढून बघतात. पेसमेकर, कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप असेल तर ऑपरेशनचं कार्ड घेऊनच या. हृदयातला स्टेंट आणि तांबी सहसा अडचणीची नसते, पण सांगायचं तेही.

आत अर्धा-पाऊण तास निजून राहावं लागतं. आवाज मोठा येतो, कानात बोळे देतात. हातात एक फुगा असतो, घाबरलात तर दाबा, आम्ही थांबवतो. गिळताना, खोकताना डोकं हललं की एवढी बारीक नस पुसट होते, म्हणून खोकला येत असेल तर आधी सांगा.

इंजेक्शनने किडनीला धोका?

किडनी चांगली असेल तर काळजीचं कारण नाही. ६० किलोच्या माणसाला साधारण १२ मिलिलिटर औषध पुरतं. किडनी खूप खराब असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट दाखवा. कुठलं औषध द्यायचं आणि द्यायचं का, हे त्यावर ठरतं. आधी कधी अशा इंजेक्शनने अंगावर पित्त उठलं असेल तर तेही सांगा.

पाच वर्षांच्या मुलाला झालंय. स्कॅन लगेच?

आधी बालरोगतज्ज्ञ. कान तपासणं, रक्तदाब मोजणं आणि साधी रक्ततपासणी हे पहिलं. क्वचित कधी रक्ताचा कॅन्सर असा दिसतो, आणि तो कळण्याआधी स्टिरॉइड जाऊ नये. मुलं बहुतेक छान बरी होतात. लहान मुलाला मशीनमध्ये निजवायला झोपेचं औषध लागतं, म्हणून स्कॅनचं कारण पक्कं असावं.

डोळ्याचं काय करायचं?

हे कुणी विचारतच नाही, म्हणून मीच लिहिते. नस बहुतेकांची काही महिन्यांत बरी होते, पण उघड्या राहिलेल्या डोळ्याच्या बुबुळावर जखम झाली तर नजर कायमची जाऊ शकते. दिवसा अश्रूंसारखे थेंब दर एक-दोन तासांनी, रात्री मलम आणि पापणी मिटवून वरून चिकटपट्टी. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागेत फवारणी चालू असेल तर या दिवसांत तिकडे जाऊ नका. गाडीवर बसताना गॉगल लावा. डोळा लाल झाला, दुखतोय, धूसर दिसतंय, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे.

स्कॅनला येताना सोबत काय आणू?

डॉक्टरांची पूर्ण चिठ्ठी, जुने स्कॅन असतील तर फिल्मऐवजी त्यांची सीडी, क्रिएटिनिनचा रिपोर्ट, चालू औषधांची पाकिटं. आणि मोबाइलमधले फोटो: लकवा झाला त्या दिवसापासून दर आठवड्याला एक, भुवया उचलून, डोळे घट्ट मिटून, दात दाखवून. चेहरा कधीपासून आणि कसा उतरत गेला हे पेशंटला सांगता येत नाही, ते त्या फोटोंत दिसतं. रिपोर्ट लिहिताना मी ते शेजारी उघडून ठेवते.